दुलमा मावशीचा पहिला दर्जा

४ जानेवारी

ही वही यंजमानं आणून दिली. म्हणाली, "पदकांबद्दल जे काय बोलायचं ते हिच्यात बोल. माझं डोकं खाऊ नकोस." चाळीस वर्षं संसार केलेली बायको नवऱ्याला असं बोलते. मी घड्याळजी माणूस, रिटायर होऊन तीन वर्षं झाली, आता हिला माझी टिकटिक नको झाली आहे.

तर लिहितो. माझ्याकडे एक हजार एकशे चाळीस नग आहेत. ध्रुवतारा, लाल ध्वज, युद्धातली पदकं, अव्वल मेंढपाळ, अव्वल ड्रायव्हर, अगदी उत्तम गवत कापणाऱ्याचासुद्धा बिल्ला आहे. या हिवाळ्यात सगळ्यांचं वर्गीकरण पुरं करायचं असं ठरवलंय. आधी लष्करी आणि नागरी वेगळे, मग दर्जा, मग साल, मग मागे स्क्रू की पिन, मग नंबर. याच क्रमानं. नंबर कधी खोटं बोलत नाही. माणसं बोलतात.

आज सोदनोम डॉक्टरच्या बायकोचा फोन आला. दात काढणारा सोदनोम, गेल्या शरद ऋतूत वारला. जिवंत होता तेव्हा मी त्याचं तोंडही बघत नव्हतो. एकदा काळ्या बाजारात माझ्या डोळ्यांदेखत त्यानं एक पदक उचललं होतं, ते मी विसरलेलो नाही. आता खंडाबाई म्हणतात, "गोंगोर गुरुजी, कपाटं भरून ठेवली आहेत हो यांनी. मला काही कळत नाही. संग्रहालयाला द्यायची आहेत, तुम्ही लावून द्याल का? मोबदला म्हणून तुमच्या आवडीचा एक नग घ्या."

एकच. पण सोदनोमच्या कपाटातला. मी लगेच हो म्हणून टाकलं.

७ जानेवारी

दुलमा मावशीकडे गेलो होतो. माझ्या वारलेल्या आईची थोरली बहीण, एक्क्याण्णव वर्षांची. शहराच्या टोकाला टेकडीवर कुंपणात तिचा गोल तंबू, गेर, आहे, तिथं थोरल्या मुलीजवळ राहते. बदमाताईनं खारा चहा दिला, वाळलेलं दही पुढं ठेवलं. मावशीनं नेहमीसारखं माझं डोकं हुंगलं, म्हणाली, "म्हातारा झालास रे." साठी उलटलेल्या माणसाला हे रोज आरशात दिसतं, तिनं सांगायला नको.

डॉक्टरनं बदमाताईला बाजूला घेऊन सांगितलंय की हृदय थकलंय, पुढच्या वर्षीचा पांढरा महिना, नववर्षाचा सण, बघतील असं धरून चालू नका. मावशीला हे कुणी सांगितलेलं नाही, तिला बरोबर माहीत आहे.

ती म्हणाली, "गोंगोर, माझा कीर्तिमान मातेचा बिल्ला शोधून दे. या पांढऱ्या महिन्यात मला तो छातीवर लावायचाय."

जास्त मुलं झालेल्या आईला सरकार देतं, तो बिल्ला. मला राग आला, खरं सांगायचं तर. ब्याण्णवच्या हिवाळ्यात दुकानांत मीठसुद्धा नव्हतं तेव्हा तिनं तो मैद्याच्या दोन पोत्यांना विकला. एक पोतं आमच्याकडे आलं. आई, मी, यंजमा, पोरं, सगळ्यांनी त्या मैद्यावर हिवाळा काढला. त्यासाठी मी तिचा जन्माचा ऋणी आहे. पण विकला कुणाला, तर एका अनोळखी माणसाला. मी दहा वर्षं पदकं जमवत होतो, हे अख्ख्या खानदानाला माहीत होतं. मला का नाही दिला? मी काय तो खाल्ला असता? खरं तर मी जमवायला लागल्यापासून तिनं तो माझ्यासमोर कधी लावलाच नाही. मी मागेन अशी भीती वाटत असावी.

"कुणाला विकलास, आठवतं का?"

"दात काढणारा होता. गालावर तीळ. फार चौकशा करत होता मेला."

सोदनोम. मी कपाळाला हात लावला.

"नंबर सांग मावशी. सोबतची लाल पुस्तिका कुठाय? त्यात असेल."

"पुस्तिका हरवली."

बदमाताई चुलीत गोवऱ्या घालत होती. तिनं मान वर करून आपल्या आईकडे पाहिलं आणि परत चुलीकडे वळवली.

१० जानेवारी

मला वाटलं होतं आपण हुशारी करतोय. माझ्याकडे कीर्तिमान मातेचे दुसऱ्या दर्जाचे नऊ बिल्ले आहेत. त्यातला सगळ्यात चांगला घेतला, पॉलिश केला, मावशीकडे नेला. म्हटलं म्हातारीला काय कळतंय, नंबर थोडाच वाचणार आहे.

तिनं तो तळहातावर घेतला, उजेडात धरला आणि परत माझ्या हातात दिला.

"हा पाच मुलांच्या बाईचा."

"पाच ते सात, मावशी. आठला पहिला दर्जा. सातला हाच."

"माझा पहिला होता. याच्यावर सोन्याचं पाणी होतं."

मी तिला समजावलं. बोटांवर मोजून दाखवलं. बदमा, लुव्सान, रेंचिन, दोल्गोर, पुंत्साग, खोर्लो, निम्जव. सात. सरकारनं सात मुलांच्या आईला आठांचा बिल्ला देणं शक्य नाही, त्या काळी तर नाहीच, कागद नऊ टेबलं फिरायचा. "नव्वदीनंतर आठवणींची सरमिसळ होते मावशी, त्यात काही लाजायचं नाही," असंही म्हणालो.

ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपली. बदमाताई मला दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "इतका शिकलास, इतकी घड्याळं दुरुस्त केलीस, पण बोलायचं कुठं थांबावं ते काही शिकला नाहीस."

पाठीमागं लागून मोजायला नको होतं, हे मला बसमध्ये उमगलं. पण सात म्हणजे सातच.

१५ जानेवारी

सोदनोमच्या घरी पहिला दिवस. अकरा कपाटं, एकातही शिस्त नाही. लष्करी पदकाशेजारी दूध संघाचा बिल्ला. खाल्खिन गोलच्या लढाईचं पदक साबणाच्या डबीत. प्रत्येक नगाला दोऱ्यानं एक पुठ्ठ्याचा आकडा बांधलाय आणि त्या आकड्याची चिठ्ठी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत. चार डबे चिठ्ठ्या. खंडाबाई म्हणाल्या, "यांना ज्याच्याकडून घ्यायचे त्याची सगळी हकीकत लिहून ठेवायची सवय. लोक दात दाखवायला यायचे आणि तासभर बोलत बसायचे."

मी दोन चिठ्ठ्या वाचल्या. एका ड्रायव्हरनं गोबीत अडकल्यावर रेडिएटरमधलं पाणी कसं प्यायलं. दुसऱ्यात कुणाच्या तरी सासूचं भांडण. याला काय वर्गीकरण म्हणायचं? या गावगप्पा झाल्या. डबे झाकून बाजूला ठेवले. भिंग काढलं आणि नागरी, माता, दुसरा दर्जा, असा ट्रे लावायला घेतला. साठाच्या वर निघतील. मावशीचं नाव कुठल्याही बिल्ल्यावर नाही, पण सालावरून आणि घासल्याच्या खुणांवरून मी ओळखेन. तिच्या धाकट्याचा, निम्जवचा, जन्म सहासष्टचा. त्या सुमाराचा नंबर.

२२ जानेवारी

एकसष्ट बिल्ले. सहासष्टच्या आसपासचे सात. प्रत्येक भिंगाखाली तीन-तीनदा पाहिला. त्या प्रत्येकावर एक बाई आपलं पोर कडेवर घेऊन उभी आहे आणि त्यातली माझी मावशी कुठली ते कळायला मार्ग नाही.

पाहता पाहता जुनं आठवत बसलो. आम्ही शहरात राहायचो, आई लोकर धुण्याच्या कारखान्यात, बाबा ट्रकवर. उन्हाळ्याची सुट्टी लागली की बाबा मला अर्खांगाईला मावशीकडे सोडून यायचे. अकरा जुलैच्या सणाला सगळा तालुका घोड्यांवर. म्हातारे, बायका, सगळ्यांच्या छातीवर पदकं, आणि घोडा दुडक्या चालीनं चालला की त्यांचा आवाज यायचा. तो आवाज मी पन्नास वर्षांत परत कुठं ऐकलेला नाही. आज पदकं कपाटात आहेत, हजार आहेत, आणि सगळी गप्प आहेत. माणसांनी मैद्याला, औषधाला, दारूला विकली. आम्ही गोळा करणारे म्हणतो की आम्ही ती वाचवली. कधी कधी मला त्याची लाज वाटते.

मावशीच्या छातीवर तेव्हा एकच बिल्ला होता, सणाला लावायची. मी त्याला हात लावायला बघायचो. दर्जा बिर्जा तेव्हा कुणाला माहीत. मावशी मला घोडीचं आंबवलेलं दूध द्यायची, आधी मला, मग तिच्या पोरांना. रेंचिनदादा कुरकुरायचा, "शहरी पाहुणा आला, आता आम्हाला गाळ मिळणार." परत जायच्या दिवशी मावशी माझं डोकं हुंगायची ते सोडायचीच नाही. न्यायला आलेल्या आईला ते आवडायचं नाही. "पुरे गं दुलमा," म्हणायची, आणि मला हाताला धरून ट्रकमध्ये बसवायची. आईला माझ्यानंतर मूल झालं नाही. एकुलत्या एकाच्या आया अशा जपतातच.

२८ जानेवारी

आज साबणाच्या डबीतलं खाल्खिन गोलचं पदक नीट पाहिलं. मागे स्क्रू, नंबर दोन आकडी. दोन आकडी. असं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, काळ्या बाजारात, सोदनोमनं माझ्या नाकासमोरून उचललं तेव्हा. तेच आहे हे. तीस वर्षं मी या नगासाठी झुरतोय.

खंडाबाई चहा घेऊन आल्या, माझा चेहरा बघून म्हणाल्या, "हे आवडलं वाटतं. घ्या ना, ठरल्याप्रमाणे." मी म्हणालो, काम पुरं होऊ दे. चहा बशीत सांडला.

मोकळेपणानं लिहितो, कारण ही वही कुणी वाचणार नाही. मावशीला दुसऱ्या दर्जाचा माझ्याकडचा एखादा दिला तर ती घेईलही, दोन दिवस रुसून. सणाला लांबून कोण बघतंय. आणि मग हे पदक माझं. असा विचार मी दिवसभर केला. यंजमाला सांगितला. ती मांसाचं सारण घालून बूज भरत होती, पांढऱ्या महिन्यासाठी बाराशे बूज करायचेत, बाल्कनीत गोठवून ठेवायचेत. कणकेची चुणी घालता घालता म्हणाली, "तू घे ते पदक. आणि मावशीच्या जाण्यानंतर रोज रात्री उशाशी घेऊन झोप."

जिभेला हाड नाही बाईच्या.

३ फेब्रुवारी

बदमाताईचा फोन. मावशीला काल श्वास लागला, दवाखान्यात नेलं, परत आणलं. ती दवाखान्यात राहायला तयार नाही. मी धावत गेलो. मावशी उशांना टेकून बसली होती, लहानशी दिसत होती. मला बघून पहिला प्रश्न, "सापडला?"

"शोधतोय."

ती डोळे मिटून पडली. बदमाताईनं मला गेरबाहेर काढलं. उणे तीस थंडीत आम्ही दोघं कोळशाच्या ढिगाजवळ उभे.

"शोधतोयस कुठं?" तिनं विचारलं.

"दुसऱ्या दर्जाच्या ट्रेमध्ये."

"पहिल्यात बघितलंस?"

"ताई, सात मुलं आहेत."

"पहिल्यात बघितलं तर तुझं काय जातं रे? नंबर बाटतात तुझे?"

"नियमात बसत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या पापण्यांवर बर्फ धरला होता. "चल, आत चल," म्हणाली, "चहा घे, गारठशील."

रेंचिनदादा आत बसला होता. मला बघून म्हणाला, "आला खजिनदार. आजही बाजारात एकजण मला गोंगोर म्हणून हाक मारून गेला. तुझ्यामुळं माझी किंमत कमी होतेय." आम्ही लहानपणापासून सारखे दिसतो, मावसभाऊ दिसतातच. मी हसलो नाही. सण तेरा दिवसांवर आलाय.

८ फेब्रुवारी

पहिल्या दर्जाचा ट्रे लावला. बदमाताईसाठी, नियमासाठी नाही. तेवीस बिल्ले. सहासष्ट-सदुसष्टचे चार. चारांतला कुठला हे सांगायला माझ्याकडे काही नाही. भिंग घेऊन तासभर बसलो. मग जन्मात पहिल्यांदा सोदनोमचे बिस्किटांचे डबे पुढं ओढले. चारही बिल्ल्यांच्या पुठ्ठ्यांवरचे आकडे घेतले आणि चिठ्ठ्या शोधल्या. तिसरी चिठ्ठी ही. जशीच्या तशी उतरवून ठेवतो.

"डिसेंबर १९९२. दुलमा, अर्खांगाईची, वय पासष्ट. दाढ दुखत नव्हती, बिल्ला विकायलाच आली होती. दोन पोती मैदा. मी म्हटलं, पैसे घ्या, भाव जास्त मिळेल. म्हणाली, पैसे उद्या कागद होतात, दोन घरांत पोरं उपाशी आहेत. पुस्तिका दिली नाही. विचारलं, आठ मुलांची नावं सांगा. सांगितली. बदमा, लुव्सान, रेंचिन. चौथा मुलगा, माकडाच्या वर्षातला, चाळीस दिवसांचा असताना धाकट्या बहिणीला दिला. मग दोल्गोर, पुंत्साग, खोर्लो, निम्जव. चौथ्याचं नाव सांगितलं नाही. म्हणाली, तो शहरातच असतो, पदकं जमवतो, म्हणून त्याच्याकडे नेला नाही, त्याला मोजता येतं. रडली नाही. मैदा मी गाडीनं पोचवला."

बारा प्राण्यांच्या वर्षांत माकडाचं वर्ष म्हणजे छप्पन्न. मी छप्पन्नचा.

मावशीला धाकटी बहीण एकच.

९ फेब्रुवारी

आज काही केलं नाही.

१० फेब्रुवारी

रेंचिन चोपन्नचा, दोल्गोर अठ्ठावन्नची. मधल्या चार वर्षांत मावशी आजारी होती, असं आई सांगायची. मी हे दोन्ही आकडे लहानपणापासून जाणतो. हजार बिल्ले नंबराप्रमाणे लावले, पण हे दोन शेजारी ठेवून कधी पाहिले नाहीत.

यंजमाला चिठ्ठी दाखवली. तिनं पिठाचे हात पुसले, चष्मा लावला, वाचली. मग माझ्या शेजारी बसली. चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. शेवटी म्हणाली, "आपला थोरला जन्मला तेव्हा मावशी बाळंतघरात आली होती. पोराकडे बघून म्हणाली, अगदी हाच चेहरा, चाळिसाव्या दिवशीही हाच होता. मला तेव्हाच वाटलं. पण सासूबाई शेजारी उभ्या होत्या. मी काय बोलणार."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"मला काय माहीत कुणाला काय माहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालणारा तू एकटाच दिसतोस."

मग ती रडली. मी पण.

११ फेब्रुवारी

खंडाबाईंना सांगितलं, काम पुरं झालं. संग्रहालयासाठी यादी दिली. त्यांनी साबणाची डबी पुढं केली. मी पहिल्या दर्जाचा तो एक बिल्ला उचलला. "हा?" त्या म्हणाल्या, "असे तर शेकड्यानं मिळतात, असं हे म्हणायचे." मी म्हटलं, मला हाच हवाय.

चिठ्ठ्यांच्या डब्यांवरही मी आकडे घालून दिले आणि संग्रहालयाला लिहिलं की पदकं आणि चिठ्ठ्या वेगळ्या करू नयेत. सोदनोमशी मी तीस वर्षं बोललो नाही. निदान एक दाढ तरी त्याच्याकडून काढून घ्यायला हवी होती.

१३ फेब्रुवारी

बिल्ला बदमाताईच्या हातात दिला. मावशी झोपली होती. आम्ही दोघं कुंपणातल्या लाकडी खोलीत बसलो, तिथं ती पाहुण्यांसाठी पाव तळून रचत होती. तिनं बिल्ला उलटा करून नंबर पाहिला, आणि पेटीतून लाल पुस्तिका काढली. नंबर जुळला. पुस्तिका कधीच हरवलेली नव्हती.

"तू सहा वर्षांची होतीस," मी म्हणालो. "तुला आठवत असेल."

"आठवतंय की." पाव रचता रचता बोलत राहिली, माझ्याकडे बघितलं नाही. "नोर्जमा मावशीची, तुझ्या आईची, तीन पोटातच गेली होती. ती आली तेव्हा बोलायचीच नाही, नुसती आमच्याकडे बघत बसायची. आपल्यात देतातच, बहिणीला एक, भावाला एक, त्यात नवल काही नाही. पण आईनं तुला चाळीस दिवस पाजलं, ते जास्त झालं. दोन दिवसांचा असताना दिला असता तर सोपं गेलं असतं, असं ती पुढं म्हणायची. ट्रक गेल्यावर मी विचारलं, भाऊ कुठाय? म्हणाली, शहरात शिकायला गेला. चाळीस दिवसांचं पोर. मला खरं वाटलं."

"मग बिल्ला?"

"सहासष्टला निम्जव झाला. तालुक्याचा साहेब म्हणाला, दिलेलं मूल धरत नाहीत, तुम्हाला दुसरा दर्जा. आई भांडली. म्हणाली, तुम्ही काढून दाखवा माझ्या पोटातून तो. साहेब ऐकेना. तेव्हा नोर्जमा मावशी शहरातून आली, दोन दिवस ट्रकनं. साहेबासमोर उभी राहिली आणि म्हणाली, माझा मुलगा हिनं जन्माला घातला, लिहून घ्या. सही केली. एवढं बोलायला तिला किती जड गेलं असेल, सांग. आणि बाहेर आल्यावर आईकडून शब्द घेतला, त्याला कधी कळता कामा नये. निदान तुझ्या तोंडून नाही."

मी आईला, म्हणजे नोर्जमाला, त्या कचेरीत उभी असलेली डोळ्यांसमोर आणत होतो. लोकर धुऊन तिचे हात कायम लाल असायचे.

"तू जमवायला लागलास तसा आईनं बिल्ला पेटीत टाकला. तुला दर्जे कळायला लागले होते ना. तुला एवढं सगळं कळतं म्हणून तिला भीती, आणि तुला काहीच कळत नाही म्हणून आम्हाला हसू. रेंचिन तर म्हणायचा, याला बिल्ल्यासारखा पाठीमागं नंबर मारायला हवा होता."

"मग आत्ता का मागितला तिनं?"

बदमाताईनं पाव रचायचं थांबवलं. "शब्द तोंडाचा होता," म्हणाली. "छातीचा नव्हता."

१५ फेब्रुवारी

आज वर्षाचा शेवटचा दिवस. दारावर देवीच्या खेचराला प्यायला बर्फाचे तीन तुकडे ठेवले, पोटभर जेवलो, कुणी उपाशी निजता कामा नये म्हणून यंजमानं पुन्हा वाढलं. पोरं म्हणाली, बाबा आज भांडत नाहीत, बरं नाही का.

उद्या मावशीकडे. मानाची पद्धत अशी आहे: आधी पोटची मुलं वयाप्रमाणे, मग सुना-जावई, मग भाचे-पुतणे. मी दरवर्षी भाच्यांत पहिला उभा राहतो. उद्याही तिथंच उभं राहायचं, असं मी ठरवलं आहे. आईला दिलेला शब्द तिनं बावन्न वर्षं पाळला, एका दिवसासाठी तो मोडायला लावणारा मी कोण. बिल्ला लावलेली बघायची, खाली मान घालायची, परत यायचं.

मला झोप यायची नाही हे दिसतंय, पण पहाटे उठायचंय म्हणून दिवा घालवतो.

१६ फेब्रुवारी, पांढऱ्या महिन्याची पहिली तारीख

सकाळी टेकडीवर जाऊन सूर्याला नमस्कार केला आणि सरळ मावशीच्या गेरवर. आधीच पस्तीस माणसं. मावशी उत्तरेच्या मानाच्या जागी बसली होती, अंगात निळा रेशमी देल, डोक्याला टोपी, आणि छातीवर बिल्ला. पॉलिश कुणीतरी फार घासून केलं होतं, मी इतकं करू दिलं नसतं. श्वास घेताना तो वर-खाली होत होता.

रांग लागली. बदमाताई निळी रेशमी पट्टी हातावर घेऊन पुढं गेली, मावशीच्या कोपरांखाली हात धरले, गाल पुढं केले. मग लुव्सान. मग रेंचिनदादा. मी भाच्यांच्या रांगेत, भिंतीशी. रेंचिनदादा मान देऊन बाजूला झाला आणि दोल्गोरची पाळी आली.

दोल्गोर पुढं गेलीच नाही. एक पाऊल मागं सरली, तिच्यामागचा पुंत्सागही सरला, खोर्लो, निम्जव, सगळेच सरले. रेंचिनदादाच्या मागं एका माणसापुरती जागा झाली. दोल्गोरनं माझ्याकडे न बघता म्हटलं, "लवकर या दादा. दरवर्षी तुमच्याआधी नमस्कार करून मला पाप लागतंय."

ती मला आजवर नावानंच हाक मारत आली आहे. म्हणजे तिलाही माहीत होतं. सगळ्यांनाच.

यंजमानं मला पाठीत ढकललं. मी गेलो. मावशीच्या कोपरांखाली हात धरले, तिचं काहीच वजन नव्हतं. मी नेहमीचं विचारलं, सुखात आहात ना. तिनं माझा उजवा गाल हुंगला, मग डावा, मग कपाळ, आणि सोडेना. बाकीचे थांबले. "पुरे" म्हणणारं आता कुणी नव्हतं.

मी हळूच म्हटलं, "आई."

तिनं डोकं हलवलं. माझ्या कानाशी तोंड आणून, श्वास घेत घेत म्हणाली, "मावशीच म्हण. आई तुझी नोर्जमा. तिनं तुला वाढवलंय, तिच्या तोंडचा घास मी नाही काढून घेणार."

"बरं मावशी," मी म्हणालो.

"आता बाजूला हो," ती म्हणाली. "पाचवी थांबलीय."